राम गणेश गडकरी

राम गणेश गडकरी (२६ मे १८८५, नवसारी – २३ जानेवारी १९१९, सावनेर) हे मराठीतील अग्रगण्य नाटककार, कवी आणि विनोदी लेखक होते. नाटके त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिली, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोदी लेख 'बाळकराम' या नावाने. अवघे तेहतीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या गडकऱ्यांची पूर्ण झालेली नाटके चार आहेत. त्यांपैकी दोन त्यांच्या हयातीत रंगभूमीवर आली. 'एकच प्याला' आणि 'भावबंधन' या अन्य दोन नाटकांवर त्यांची कीर्ती मुख्यत्वे उभी आहे. परंतु त्यांचे प्रयोग त्यांच्या निधनानंतर झाले. मराठी रसिकांनी त्यांना महाराष्ट्राचा शेक्सपियर मानले. बालपण मराठी मुलखाबाहेर काढलेल्या या लेखकाने मराठी भाषेचे सामर्थ्य रंगमंचावर ज्या रीतीने प्रकट केले, त्याला मराठी नाट्येतिहासात तोड सापडणे कठीण आहे.

बालपण आणि शिक्षण

गडकऱ्यांचा जन्म गुजरातेत नवसारी येथे एका चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबात झाला. नवसारी त्या काळी बडोदे संस्थानात मोडत असे. बालपण गुजरातेत गेल्यामुळे त्यांच्या कानांवर गुजराती भाषेचे संस्कार आधी झाले. १८९३ मध्ये, राम आठ वर्षांचे असताना, वडिलांचे निधन झाले आणि कुटुंबाची आर्थिक घडी विस्कटली. पुढे हे कुटुंब महाराष्ट्रात आले आणि गडकऱ्यांचे शिक्षण पुण्यात झाले.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले व त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. तथापि पहिल्याच वर्षी गणितात अनुत्तीर्ण झाल्याने त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण तेथेच संपले. औपचारिक शिक्षण खुंटले तरी त्यांचे वाचन थांबले नाही. संस्कृतातील कालिदास व भवभूती, इंग्रजीतील शेक्सपियर व शेली आणि प्राचीन मराठी कविता यांचे त्यांनी स्वतःच्या बळावर परिशीलन केले. त्यांच्या नाटकांत संस्कृत नाटकाचा अलंकार, इंग्रजी शोकांतिकेची बांधणी आणि मराठी घरातली बोली एकत्र नांदताना दिसतात, त्याचे मूळ या वाचनात आहे.

नाटक कंपनीतील मास्तर

उदरनिर्वाहासाठी गडकऱ्यांनी काही काळ वृत्तपत्राच्या कचेरीत काम केले. परंतु त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते किर्लोस्कर नाटक मंडळीत. 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' या नाटकांनी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर यांची ही कंपनी विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील सर्वांत प्रतिष्ठित कंपनी गणली जात होती. त्या काळच्या नाटक कंपन्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरत. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत व त्यांसाठी गोड गळ्याची लहान मुले कंपनीत ठेवून घेतली जात. या मुलांची शाळा सुटलेली असे. त्यांना लिहिणे-वाचणे शिकविण्यासाठी कंपनीत मास्तर नेमलेला असे. हे काम गडकऱ्यांकडे आले आणि नाट्यव्यवसायात ते गडकरी मास्तर म्हणून ओळखले जाऊ लागले.

नोकरी बेताच्या पगाराची होती. पण नाटककार घडण्याच्या दृष्टीने ती मोलाची ठरली. तालमी कशा होतात, कोणते वाक्य नटाच्या तोंडी बसते, कोठे प्रेक्षक हसतो आणि कोठे त्याचे चित्त उडते, हे त्यांना रोज जवळून पाहावयास मिळाले. कंपनीचे व्यवस्थापक शंकर बापूजी मुजुमदार हे 'रंगभूमि' नावाचे मासिक चालवीत असत. त्याच्या सहवासात गडकऱ्यांचे नाट्यविषयक लेखन सुरू झाले.

याच काळात त्यांना श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचे मार्गदर्शन लाभले. 'वीरतनय', 'मूकनायक' आदी नाटकांचे कर्ते आणि 'सुदाम्याचे पोहे' या विनोदी लेखमालेचे जनक असलेल्या कोल्हटकरांना गडकऱ्यांनी आपले गुरू मानले. कल्पनारम्य कथानक, कोटीबाज संवाद आणि सामाजिक दोषांवर हसत हसत केलेला प्रहार ही कोल्हटकरांची वैशिष्ट्ये शिष्याने उचलली. परंतु गुरूच्या नाटकांत जी भावनेची धग क्वचित आढळते, ती शिष्याच्या नाटकांत सर्वत्र आहे.

कवी गोविंदाग्रज

गोविंद हा गडकऱ्यांचा धाकटा भाऊ. त्याचा अग्रज, म्हणजे थोरला भाऊ, या अर्थाने त्यांनी 'गोविंदाग्रज' हे नाव घेतले. नातेसंबंधातून टोपणनाव घडविण्याची ही रीत आधुनिक मराठी कवितेत त्यांच्या आधीच दिसते. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे जन्मलेले कृष्णाजी केशव दामले हे वडिलांच्या नावावरून 'केशवसुत' झाले होते. केशवसुतांचे १९०५ मध्ये निधन झाले. त्यांनी मराठी कवितेला दिलेली व्यक्तिस्वातंत्र्याची व सामाजिक बंडखोरीची दिशा गडकऱ्यांनी शिरोधार्य मानली आणि स्वतःला त्यांचे अनुयायी म्हणवून घेतले. बालकवी ठोमरे आणि गोविंदाग्रज हे केशवसुतांनंतरच्या पिढीतील ठळक कवी होत.

गोविंदाग्रजांची ओळख मुख्यतः प्रेमाचे आणि विफलतेचे कवी म्हणून आहे. 'प्रेम आणि मरण' या कवितेत एक वृक्ष आकाशातल्या विजेवर प्रेम करतो आणि तिच्या एका स्पर्शात जळून जाण्यात धन्यता मानतो. या एका कल्पनेत त्यांची प्रेमविषयक भूमिका साठली आहे. 'राजहंस माझा निजला' ही कविता मूल गमावलेल्या आईची आहे. बाळ केवळ झोपले आहे, असे ती सभोवतालच्या लोकांना विनवून सांगते. मराठीतील करुणरसाचे उदाहरण म्हणून तिचा उल्लेख आजही केला जातो. महाराष्ट्राच्या भूमीचे, इतिहासाचे आणि संतपरंपरेचे गौरवगीत त्यांनी लिहिले. ते अनेक पिढ्यांनी शाळेत पाठ केले आहे. त्यांच्या कविता 'मनोरंजन'सारख्या मासिकांतून प्रसिद्ध होत असत. 'वाग्वैजयंती' हा त्यांचा संग्रह मात्र निधनोत्तर, १९२१ मध्ये, प्रकाशित झाला.

विनोदकार बाळकराम

'बाळकराम' या नावाने लिहिलेल्या लेखांत गडकऱ्यांनी मध्यमवर्गीय पांढरपेशा समाजाच्या रूढींची थट्टा केली. ठकी नावाच्या मुलीचे लग्न जमविण्यासाठी चाललेली खटपट हा त्यांच्या लेखांचा आवडता विषय होता. वरसंशोधन, मुलगी दाखविण्याचे प्रसंग, हुंड्याची घासाघीस आणि लग्न मोडण्यासाठी शोधून काढली जाणारी कारणे यांचे अतिशयोक्त वर्णन वाचताना हसू येते. पण उपवर मुलीच्या वाट्याला येणारी मानखंडना त्या हसण्याच्या तळाशी असते. कवी होण्याच्या हव्यासाने पछाडलेल्या तरुणांनाही त्यांनी सोडले नाही. स्वतः कवी असल्यामुळे या थट्टेत त्यांनी स्वतःलाही धरले आहे, हे उघड आहे. हे लेखन पुढे 'संपूर्ण बाळकराम' या नावाने एकत्रित झाले.

नाटके

'प्रेमसंन्यास' हे गडकऱ्यांचे रंगभूमीवर आलेले पहिले नाटक होय. ते गद्य असून १९१२ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. बालविधवेचे प्रेम आणि तिच्या पुनर्विवाहाला समाजाकडून होणारा विरोध हा त्याचा गाभा आहे. शोकात्म कथेच्या जोडीला विसराळू गोकुळाचे हास्यकारक प्रवेश योजून करुण आणि हास्य शेजारीशेजारी ठेवण्याची आपली पद्धत गडकऱ्यांनी पहिल्याच नाटकात निश्चित केली.

'पुण्यप्रभाव' १९१६ मध्ये रंगभूमीवर आले. वसुंधरा या पतिव्रतेच्या निष्ठेपुढे वृंदावन या खलपुरुषाचे हृदयपरिवर्तन होते, असे त्याचे सूत्र आहे. कथानक अद्भुताकडे झुकणारे असले तरी खलनायकाच्या मनातील द्वंद्व रेखाटण्याची गडकऱ्यांची ताकद येथे प्रथम पूर्णपणे दिसली.

'एकच प्याला' ही गडकऱ्यांची सर्वश्रेष्ठ कृती मानली जाते. सुधाकर हा स्वकष्टाने वर आलेला, बुद्धिमान पण मानी व तापट वकील. न्यायालयात झालेल्या खटक्यावरून त्याची सनद काही काळ रद्द होते. अपमानाची आग विझविण्यासाठी तो तळीरामाच्या सांगण्यावरून दारूचा पहिला प्याला घेतो आणि तेथून त्याचा अधःपात सुरू होतो. श्रीमंत माहेरची मदत नाकारून त्याची पत्नी सिंधू दळण-कांडण करून संसार ओढते. मध्यंतरी सुधाकर सावरतो, नोकरीच्या शोधात दारोदार फिरतो. परंतु पूर्वीच्या स्नेह्यांनी केलेल्या अवहेलनेने पुन्हा प्याल्याकडे वळतो. अखेर नशेत त्याच्या हातून स्वतःच्या मुलाचा जीव जातो आणि सिंधूही प्राणांतिक जखमी होते. मरताना ती पोलिसांपुढे खोटे बोलून पतीला वाचवू पाहते. सुधाकर मात्र विष घेऊन स्वतःला संपवितो.

पुण्यात १९०८ च्या सुमारास दारूच्या दुकानांपुढे निरोधन करणारी मोठी चळवळ झाली होती आणि मद्यपान हा त्या काळात जिव्हाळ्याचा सार्वजनिक प्रश्न होता. तरीही हे नाटक केवळ प्रचाराचे झाले नाही. याचे कारण असे की, गडकऱ्यांनी दारूला दोष देऊन विषय संपविला नाही. सुधाकराचा विनाश त्याच्या स्वभावातून उगवतो. दारू त्या स्वभावाला वाट करून देते. दुसरीकडे तळीराम आणि त्याचे 'आर्य मदिरा मंडळ' यांच्या प्रवेशांत प्रेक्षक पोट धरून हसतो. ज्या तळीरामाला पाहून आपण हसलो, त्यानेच एक घर उद्ध्वस्त केले, याची जाणीव त्याला उशिरा होते. या नाटकाने मराठी भाषेला मद्यप्याचा वाचक असा 'तळीराम' हा शब्दच दिला.

गडकऱ्यांची प्रकृती खालावल्यामुळे 'एकच प्याला'ची पदे त्यांचे स्नेही, कथालेखक व कवी विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. नाटकाचा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोदे येथे केला. बालगंधर्व सिंधूच्या आणि गणपतराव बोडस सुधाकराच्या भूमिकेत होते. भरजरी शालू नेसून रंगमंचावर येणारे बालगंधर्व या भूमिकेत ठिगळे लावलेले लुगडे नेसून उभे राहिले. ज्या संस्थानात गडकरी जन्मले, त्याच्याच राजधानीत त्यांचे सर्वश्रेष्ठ नाटक प्रथम झाले. पण त्या वेळी त्यांना जाऊन चार आठवडे झाले होते.

'भावबंधन' हे त्यांचे अखेरचे पूर्ण नाटक. अपमानाने पेटलेला घनश्याम सूड उगविण्यासाठी दोन कुटुंबांना वेठीस धरतो, असे त्याचे कथानक आहे. मानी लतिका, भोळे व बोलके धुंडिराज आणि विक्षिप्त कामण्णा ही पात्रे विशेष लोकप्रिय झाली. १९१८ मध्ये दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी स्थापन केलेल्या बळवंत संगीत मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. दीनानाथांची लतिका आणि चिंतामणराव कोल्हटकरांचा घनश्याम या भूमिका गाजल्या. कामण्णाची भूमिका करणारे दिनकर ढेरे पुढे दिनकर कामण्णा याच नावाने ओळखले गेले.

'राजसंन्यास', 'वेड्यांचा बाजार' आणि 'गर्वनिर्वाण' ही नाटके अपूर्ण राहिली.

अखेरचे दिवस

गडकऱ्यांना क्षयाने ग्रासले होते. त्या काळी या रोगावर खात्रीचा औषधोपचार नव्हता. क्षयावरील पहिले परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन हे १९४० च्या दशकात उपलब्ध झाले. विश्रांती आणि हवापालट एवढाच उपाय वैद्यांच्या हाती असे. नागपूरजवळील सावनेर येथे अखेरच्या आजारात गडकऱ्यांनी 'भावबंधन' पुरे केले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, २३ जानेवारी १९१९ रोजी, त्यांचे निधन झाले. ते तेव्हा चौतिसाव्या वर्षात होते.

शेक्सपियरशी तुलना

गडकऱ्यांच्या आधी अर्धशतकभर मराठी लेखक शेक्सपियरशी झुंजत होते. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये 'ऑथेल्लो'चे भाषांतर केले, आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' लिहिले आणि गोविंद बल्लाळ देवल यांनी 'ऑथेल्लो'चे 'झुंझारराव' हे रूपांतर रंगभूमीवर यशस्वी केले. गडकऱ्यांनी शेक्सपियरचे कोणतेही नाटक मराठीत आणले नाही. त्यांनी त्याची तत्त्वे आत्मसात केली. नायकाच्या एका स्वभावदोषातून त्याचा नाश होणे, गंभीर कथेत विनोदी उपकथानक गुंफणे, पात्राचे अंतरंग स्वगतांतून उघडणे आणि पाच अंकांत कथानक चढवीत नेणे ही अंगे 'एकच प्याला'त मराठी मातीतून उगवल्यासारखी वाटतात.

तुलनेला अर्थातच मर्यादा आहेत. शेक्सपियर बावन्न वर्षे जगला आणि त्याच्या नावावर सुमारे सदतीस नाटके आहेत. जीवनदर्शनाची जी विविधता त्याच्याकडे आहे, ती चार नाटकांत शोधणे अन्यायाचे होईल. परंतु एका लेखकाने आपल्या भाषेच्या नाट्यसंवादावर कायमचा ठसा उमटविणे, या अर्थाने ही तुलना निराधार म्हणता येत नाही.

मूल्यमापन

गडकऱ्यांच्या भाषेविषयी समीक्षकांत पूर्वीपासून दोन मते आहेत. तिचा ओघ, कल्पनांची उधळण, अनुप्रास आणि नाद यांनी प्रेक्षक भारून जात. नटांना ही भाषणे आव्हान वाटत. उलट पक्षी, देवलांच्या 'शारदा'तील साध्या घरगुती बोलीशी तुलना करता ही भाषा कृत्रिम वाटते, प्रत्येक पात्र नाटककाराच्याच वाणीने बोलते आणि कोटीच्या मोहाने करुण प्रसंगाचीही हानी होते, असे आक्षेप घेतले गेले. भडक प्रसंग आणि योगायोगांवरील भर हेही दोष दाखविले गेले आहेत.

सिंधूच्या व्यक्तिरेखेविषयीचा दृष्टिकोनही काळानुसार बदलला. सुरुवातीच्या प्रेक्षकांना ती आदर्श पतिव्रता म्हणून वंदनीय वाटली. पुढील काळातील अभ्यासकांनी तिच्या निमूट सोसण्याचे उदात्तीकरण तपासून पाहिले आणि तळीरामाची पत्नी गीता हिच्या रोखठोक बोलण्याकडे लक्ष वेधले. पतीच्या व्यसनाविरुद्ध तोंड उघडणारी स्त्रीही गडकऱ्यांनी त्याच नाटकात रंगविली आहे, ही बाब त्यांच्या समाजनिरीक्षणाची साक्ष देते.

वारसा आणि वाद

गडकऱ्यांचे ऋण पुढच्या पिढीने मोकळेपणाने मान्य केले. प्रल्हाद केशव अत्रे यांनी त्यांना आपले गुरू मानले. विनोद आणि कारुण्य एकत्र गुंफण्याचा वारसा अत्र्यांच्या नाटकांत स्पष्ट दिसतो. ठाणे येथे १९७८ मध्ये उभारलेल्या नाट्यगृहाला राम गणेश गडकरी रंगायतन असे नाव देण्यात आले.

पुण्यातील संभाजी उद्यानात गडकऱ्यांचा अर्धपुतळा १९६२ मध्ये बसविण्यात आला होता. जानेवारी २०१७ मध्ये संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी तो उखडून मुठा नदीत टाकला. 'राजसंन्यास'मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची बदनामी केली आहे, असा त्यांचा आरोप होता. या कृत्याचा साहित्य व नाट्यक्षेत्रातून निषेध झाला.

या वादाची पार्श्वभूमी समजून घेणे आवश्यक आहे. गडकऱ्यांच्या काळात संभाजी महाराजांविषयीची सर्वसाधारण समजूत मुख्यतः त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ काळाने लिहिलेल्या बखरींवर आधारलेली होती आणि त्या काळच्या नाटकांत तीच प्रतिमा उतरली. अस्सल साधनांच्या आधारे ही प्रतिमा दुरुस्त करण्याचे काम वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० मधील चरित्राने आणि त्यानंतर कमल गोखले यांच्या संशोधनाने केले. म्हणजे गडकऱ्यांच्या निधनानंतर चाळीस वर्षांनी उपलब्ध झालेले ज्ञान त्यांच्यापुढे नव्हते. शिवाय 'राजसंन्यास' अपूर्ण असल्याने नायकाला ते अखेर कोठे नेणार होते, हे नाटकावरून पूर्णपणे कळत नाही. इतिहास म्हणून या नाटकातील चित्रण आज ग्राह्य नाही. नाट्यकृती म्हणून मात्र त्याचे वाचन व चिकित्सा चालू आहे.

साहित्यसंपदा

पूर्ण नाटके: प्रेमसंन्यास, पुण्यप्रभाव, एकच प्याला, भावबंधन
अपूर्ण नाटके: राजसंन्यास, वेड्यांचा बाजार, गर्वनिर्वाण
काव्यसंग्रह: वाग्वैजयंती
विनोदी लेखसंग्रह: संपूर्ण बाळकराम